सल्लागारबाईंची दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. त्यातही दुसरी! करसल्लागार बाईंच्या टेबलासमोर आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या असतो. सुताराने आम्हाला एकाच ओंडक्यातून घडवलं. माझे हात घासून गुळगुळीत केले, बुडाखाली भक्कम पट्ट्या ठोकल्या आणि मला थोपटून तो म्हणाला, "हिच्यावर हत्ती बसला तरी ही हूं की चूं करणार नाही." हत्ती सोडा हो, पहिली तीन वर्षं माझ्यावर धड माणूससुद्धा बसलं नाही!

बाईंकडे लोक यायचे ते कर किती भरायचा, बचत कुठे करायची, म्हातारपणाची सोय कशी लावायची, हे विचारायला. कुणी नवरा, कुणी बाप, कुणी थोरला भाऊ. येणार एकटेच आणि बसणार माझ्या बहिणीवर. माझ्यावर काय? हेल्मेट, बॅगा, ओल्या छत्र्या. एक गृहस्थ तर भाजीची पिशवी ठेवून विसरून गेले. चार दिवस मला कोबीचा वास येत होता! बहीण गालातल्या गालात हसायची. मी जात्याच तापट, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एके दिवशी एक बाई आली आणि माझ्यावर बसली. माझ्यावर बसलेलं ते पहिलं माणूस. तिचा नवरा अचानक वारला होता. "यांचं काय कुठे आहे, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. सल्लागारबाईंनाही अर्धंच ठाऊक होतं. त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. दुसऱ्या खुर्चीवर घरातलं माणूस बसल्याशिवाय फाइल उघडायची नाही, असा नियमच केला. काही लोक कुरकुरले, पण हळूहळू बायका, मुली, म्हाताऱ्या आया माझ्यावर बसू लागल्या. माझी ऐट काय विचारता!

असेच एकदा बेकरीवाले आले. बाह्यांना मैदा, कपाळाला आठ्या. आल्या आल्या त्यांनी माझ्यावर पिशवी आदळली.

"पिशवी खाली ठेवा आणि वहिनींना घेऊन या," बाई म्हणाल्या.

"तिला कशाला? तिला यातलं काही कळत नाही."

"कळत नाही, की तुम्ही सांगितलं नाही?"

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"असू दे की. पण मुठीत काय आहे, ते घरात एकाला तरी ठाऊक हवं."

बेकरीवाल्यांनी आवाज खाली आणला. "येत्या गुरुवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. घरी सांगितलेलं नाही. मशीन बघायला बाहेरगावी जातोय, असं सांगणार आहे. ती उगाच घाबरेल. तुम्ही गुपचूप कागद लावून द्या."

बाईंनी फाइलवर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. ते तरातरा निघून गेले.

मित्रांनो, मला चैन पडेना. गुरुवारला आठच दिवस होते. हा हट्टी माणूस परत आलाच नाही तर? आणि देव न करो, काही बरंवाईट झालं तर त्याची बायको कुठे कुठे कागद शोधत फिरेल? आणि हे सगळं माझ्यापायी! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, असू दे, ठेवा माझ्यावर पिशवी.

सोमवारी दार उघडलं. पुढे वहिनी, मागे मान खाली घातलेले बेकरीवाले. वहिनी ऐसपैस माझ्यावर बसल्या.

"हॉस्पिटलमधून घरी फोन आला," त्या म्हणाल्या. "पेशंटला बुधवारी रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणे. मी विचारलं, कुठला पेशंट?"

माझ्या जिवात जीव आला. वहिनींनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. "हे घ्या. विम्याचा कागद मैद्याच्या डब्यामागे. ठेवीची एक पावती लग्नाच्या अल्बममध्ये, दुसरी भिंतीवरच्या घड्याळामागे. घर मीच झाडते ना! वाचते, टिपून घेते आणि होतं तिथे परत ठेवते."

बेकरीवाल्यांनी आ वासला. घड्याळामागची पावती ते स्वतःच विसरले होते! बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तिचं व्याज रिटर्नमध्ये दाखवलंच नाही! आता ते सुधारून भरावं लागणार."

मग विम्याचा कागद उघडला. माणूस गेल्यावर पैसे ज्याच्या हाती द्यायचे, त्याला नॉमिनी म्हणतात. विमा लग्नाआधीचा, म्हणून नॉमिनीच्या जागी बेकरीवाल्यांच्या आईचं नाव होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंना पैसे कुठल्या पत्त्यावर पाठवणार होतात?"

बाई खो खो हसल्या. बेकरीवालेही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तू घाबरशील."

"घाबरलेच आहे की! पण तुम्ही एकटे तिकडे घाबरणार, मी एकटी इकडे घाबरणार, त्यापेक्षा दोघं मिळून घाबरू."

दोन तास काम चाललं. नावं बदलली, याद्या झाल्या, सह्या झाल्या. माझी बहीणसुद्धा हसायची थांबून ऐकत होती.

महिन्याभराने दोघं बाईंकडे परत आली. बेकरीवाले वाळले होते, पण चेहरा टवटवीत होता. "भूल देताना डॉक्टर म्हणाले, दहापर्यंत आकडे म्हणा," ते सांगत होते. "मी तीनलाच झोपलो. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, बाई."

मित्रांनो, आता माझा डावा पाय डुगडुगतो, हातांचं पॉलिश उडालंय. त्याची चिंता नको, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की मी ताठ उभी राहते. तुम्ही आज घरी गेलात की मोठ्यांना एवढंच विचारा, "आपले कागद कुठे ठेवलेत?" लहान तोंडी मोठा घास म्हणून ते रागावतील. रागावू द्या. पण विचारल्याशिवाय राहू नका. एकदा सांगून टाकलं, की मोठ्या माणसांनाही शांत झोप लागते.