कोबीच्या पिंपातला माणूस

मित्रांनो, आंबट वास आला ना? नाक मुरडू नका. मी रुमानियातल्या एका तुरुंगाच्या भटारखान्यातलं जुनं पिंप आहे, आणि हा वास आता माझ्यासोबतच जाईल.

एका खेड्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने ओकच्या फळ्या वाफेवर वाकवल्या, लोखंडी कड्या ठोकल्या आणि मला उभं केलं. तेव्हापासून काम एकच. थंडीच्या तोंडावर माझ्यात कोबीचे अख्खे गड्डे रचायचे, मिठाचं पाणी ओतायचं, वर दगड ठेवायचा. हिवाळाभर कैदी तो आंबलेला कोबी मामालिगेबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर, खात आणि म्हणत, "गेरासीमआजोबांचा कोबी म्हणजे कोबी!" माझं नाव कुणी घेत नसे. असो, सवय झाली.

गेरासीमआजोबा म्हणजे आमचे आचारी. तेही कैदीच, जन्मठेपेचे. जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चचे कट्टर. चूल पेटवण्याआधी छातीवर क्रूस काढणारे. त्यांच्या हाताखाली पंफिल होता. चाळिशीचा, दारूच्या भांडणात माणूस मारून आलेला.

दर गुरुवारी बाहेरून एम्मानुईल नावाचे बॅप्टिस्ट पंथाचे प्रचारक येत. ॲकॉर्डियनवर गाणी म्हणत आणि जाताना कॉफीच्या पुड्या वाटत. पुष्कळ जण त्या कॉफीसाठीच बसत. पंफिलही बसे, पण पुडीला हात लावत नसे. या पंथाच्या लोकांना आमच्याकडे टोमण्याने 'पश्चात्तापी' म्हणतात, म्हणून सगळे त्याला चिडवत, "काय पश्चात्तापी महाराज, किती कपांना विकलात देव?"

एके दिवशी पंफिल म्हणाला, मला यांचा बाप्तिस्मा घ्यायचाय. आमच्याकडे तो तान्हेपणीच उरकतात. या लोकांचं म्हणणं वेगळं. माणसाने जाणत्या वयात, स्वतःहून, अख्खं पाण्यात जायचं. पण तुरुंगात हौद कुठला?

"कायद्याने मी नाही म्हणू शकत नाही," तुरुंगाचे साहेब म्हणाले, "पण पाणी भरणार कशात?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोबी यायचा होता, मी रिकामाच होतो.

बराकीत भडका उडाला. "हा त्यात बुडाला तर त्यातला कोबी आम्ही खाणार नाही! हिवाळाभर काय नुसती मामालिगा गिळायची?"

"कोबीपेक्षा आत्मा मोठा, भाऊ," एम्मानुईल म्हणाले, "माघार घेऊ नकोस."

पंफिल चिडला. "तुम्ही संध्याकाळी घरी जाता, भाऊ. मला यांच्याच पंगतीत बसायचंय. माझ्यापायी कुणाच्या तोंडचा घास जायला नको. राहू दे."

आणि कांदे सोलायला बसला. सारखे डोळे पुसत होता, पण कांदा अजून एकही कापला नव्हता.

आजोबांनी ते पाहिलं. "मूर्खा, आईने एकदा बुडवलं ते पुरलं नाही का तुला?"

"ते आईने ठरवलं, आजोबा. इथे कधी उठायचं, कधी झोपायचं, सगळं दुसरेच ठरवतात. एवढं एक मला ठरवायचं होतं."

आजोबांनी कढई दाणकन आपटली. मग म्हणाले, "जा, बूड जाऊन. कोबीचं मी बघतो."

पंफिल गुडघे दुमडून माझ्यात बसला आणि पाण्याखाली गेला. वर आला तो हसतच. मला खूप बरं वाटलं.

नंतर प्रचारकांनी मला मोरीकडे कलंडवायला घेतलं, तर आजोबा कडाडले, "खबरदार! बाप्तिस्म्याचं पाणी मोरीत?" आमच्याकडे ते पाय पडणार नाही अशा जागीच ओततात. हा बाप्तिस्मा त्यांना मुळीच पटला नव्हता. तरी ते सगळं पाणी त्यांनी बादलीबादलीने अंगणातल्या अक्रोडाच्या मुळाशी नेलं.

हिवाळ्यात पहिलं ताट कुणी घेईना. आजोबांनी सगळ्यांसमोर स्वतः खाल्लं. "मीठ कमी पडलंय," एवढंच बोलले. मग काहींनी खाल्लं, काहींनी शेवटपर्यंत नाही. तेही चालायचंच, खाण्याची कसली जबरदस्ती?

काही वर्षांनी आजोबा माझ्याशेजारीच कोसळले. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती नसली तर तो अंधारात जातो, असं आमच्याकडे मानतात. पाद्री येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आजोबा घाबरून इकडेतिकडे बघत होते. पंफिलचे लोक मेणबत्ती मानत नाहीत. पण त्यानेच फळीवरचा मेणबत्तीचा तुकडा पेटवून त्यांच्या मुठीत दिला आणि ती मूठ दोन्ही हातांनी धरली. मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं.

"तू हे मानत नाहीस ना रे?" आजोबा पुटपुटले.

"तुम्ही मानता ना," पंफिल म्हणाला. शेवटपर्यंत त्याने हात हलवला नाही.

आता प्लास्टिकची पिंपं आलीत. मी अक्रोडाखाली पडून आहे. फार थकलोय, मित्रांनो. लाकडी पिंप कोरडं टाकलं की फळ्या सुटतात; ओलं ठेवलं की त्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. म्हणून मागणं एवढंच, येता-जाता एखादी बादली माझ्यात ओता. कोणत्या देवाचं नाव घेऊन ओतलीत, ते मी विचारणार नाही.