आधी हातात घ्या

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. माझी डावी कळ घासून गुळगुळीत झाली आहे आणि पाठीला चिकटपट्टी आहे. पण माझी तक्रार नाही.

जन्मलो कारखान्यात, शहाणा झालो मात्र एका जिन्यावरच्या खोलीत. तिथे सात माणसे मिळून खेळ बनवत. त्यांची प्रमुख होती ताई. तिचा एकच नियम होता: खेळाला नावे ठेवायची असतील, तर आधी मला हातात घ्यायचे, मग बोलायचे. केर काढणाऱ्या मावशीही खेळून पाहत आणि तोंडावर सांगत, "अगं, हा राक्षस आहे की माझा घरमालक? नुसता दारात उभा!" मग बिचारा राक्षस पुन्हा नव्याने काढला जाई.

सर्वांचा लाडका खेळ होता कासवाचा. त्यात एक नदीकाठ होता. कासव तिथे बसले की काहीच घडत नसे. ना शत्रू, ना गुण. नुसते पाणी वाहत असे.

पुढे एका मोठ्या कंपनीने आमची छोटी कंपनी आपल्यात सामावून घेतली. गळणारे छत दुरुस्त झाले, नवे संगणक आले. पण आता निर्णय दूरच्या कचेरीतून कागदावर येऊ लागले आणि मी खणात पडलो. एके दिवशी कागद आला: 'नदीकाठ काढून टाका. तिथे मुले कंटाळतील.'

"काठ गेला तर खेळ आपला उरणार नाही," ताई म्हणाली. "मग मीही इथे राहणार नाही."

तिला समजवायला मोठे साहेब आले. त्यांनी कागद उघडला, तोच मावशींनी मला खणातून काढून फडक्याने पुसले.

"साहेब, आमच्याकडे आधी हातात घ्यायचं, मग बोलायचं."

"अहो मावशी, मला खेळता येत नाही."

"मग तर बरंच झालं. इथे काही करायचंच नाहीये."

साहेबांनी हसून मला हातात घेतले. कासव काठावर बसले. आधी त्यांचे अंगठे माझ्यावर घट्ट रुतले होते, मग हळूहळू सैल पडले. मध्येच घोट घेताना थोडा चहा त्यांच्या बोटांवर सांडला, उरलेला शेजारी तसाच निवून गेला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ताई, हा कागद लिहिणाऱ्यांपैकी कोणीच हे खेळलेलं नाही. मीसुद्धा."

काठ राहिला. ताईही राहिली. सगळे मनासारखे झाले नाही; खेळाच्या सुरुवातीला आता मोठ्या कंपनीचे नाव झळकते आणि आमचे खाली बारीक अक्षरांत असते. ताईला ते अजून खुपते. पण साहेब आले, की कागद बाजूला ठेवून आधी माझ्याकडे हात करतात.

तर मित्रांनो, कोणी मन लावून केलेली वस्तू समोर आली, तर लगेच नाक मुरडू नका. आधी हातात घ्या. आणि हो, तो हात धुतलेला असू द्या. माझी उजवी कळ अजून चिकटते. का, ते साहेबांच्या त्या चहाला विचारा!