तारेचा सातवा खांब

लीलाधर गुरुजींनी आयुष्यभर मुलांना एकच शिकवलं: प्रश्नाला दोन बाजू असतात, बोलण्याआधी दोन्ही ऐकायच्या. म्हणून तुकईथडच्या अलीकडच्या त्यांच्या वस्तीत वेगवान गाडीची सभा भरली, तेव्हा लोकांनी त्यांनाच पुढे बसवलं.

सर्वेक्षणाला आलेली हिमानी टॅबलेट सावरत म्हणाली, "बस, एवढंच सांगा. गाडी सरकारी पैशातून व्हावी, की कंपनीच्या?"

"सरकारी!" कौतिक ओरडला. "कंपनी तर आपल्याला दारात बी उभं नाही करणार."

"आन सरकार खुर्ची देईन का तुले?" मागून कडू म्हणाला. "नळ सरकारीच हाय ना तुहा? येतं का पाणी?"

सभा हसली. गुरुजी हसले नाहीत. भिंतीवरच्या नकाशातली लाल रेघ जुन्या छोट्या रेल्वेलाइनच्या पट्टीवरूनच जात होती. रूळ केव्हाच उचलले गेले, पण त्या पट्टीत कोणी नांगर घालत नसे. दात न आलेली लेकरं गेली तर जाळत नाहीत, पुरतात. आणि रेल्वेच्या जमिनीत पुरलं तर पुन्हा कोणी खणणार नाही, अशी जुन्या लोकांची समज. बाप एकटा जायचा. खूण ठेवायची नाही, मागे वळून बघायचं नाही, आईला जागा सांगायची नाही. नाहीतर तिचा पाय तिथून निघत नाही.

गुरुजींची साडेतीन महिन्यांची मुलगी तिथेच होती. एक्केचाळीस वर्षं झाली. दुपारी पट्टीकडून वारा आला की त्यांना रडणं ऐकू येई. केळीची फाटकी पानं असा आवाज करतात, असं ते स्वतःला समजावत. पण नेमकी त्याच वेळी त्यांची बायको गोदाबाई हातातलं काम थांबवी, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत.

आज बायकांतून गोदाबाई उठली. "पोरी, त्या रेघेखाली लेकरं हायेत."

हिमानीने टॅबलेट खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "आजी, कागज है क्या? सरकारी लाइन असली तर रेकॉर्ड मागतात, कंपनीची असली तर जमिनीचा मालक कोण ते विचारतात."

"दोन्ही नाही."

"मग जागा दाखवा. मी फोटो टाकते. पण आजच. उद्या रिपोर्ट जाणार."

गोदाबाई नवऱ्याकडे वळली. "अहो, दाखवा."

गुरुजी उठले. सिग्नलपासून तारेचा सातवा खांब, तिथून नदीच्या अंगाला अकरा पावलं. पाढ्यासारखं पाठ होतं. ते पुढे, गोदाबाई मागे, तिच्यामागे गाव.

पट्टीवर पोचले आणि थबकले. गुडघाभर गवत. ना सिग्नल, ना एक खांब. रूळ गेल्याचं त्यांना माहीत होतं. खांबही गेले असतील, हे मनाने कधी मानलंच नव्हतं.

वारा सुटला. इथे केळी नव्हती. तरी रडणं आलं. डावीकडून, उजवीकडून, पायांखालून. एका लेकराचं नव्हतं ते.

"कुठून येतंय हो?" गोदाबाईने कुजबुजत विचारलं.

कुठेही बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? गोदा तिथे डोकं टेकून शांत झाली असती. गुरुजींचा हात अर्धा उचललाही गेला.

"मला नाही सापडत, गोदा," ते म्हणाले. "मी खांब मोजले होते."

गोदाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, कोणी परका माणूस ओळख सांगत यावा तसं. मग चपला काढल्या आणि उभी होती तिथेच गवतात बसली.

"इथंच लाव तुझी खूण."

"आजी, पण ही जागा—"

"कोणाचं तरी असंल ना इथं. लाव."

हिमानीने सगळ्या पट्टीची खूण टाकून पाहिली. टॅबलेटने घेतली नाही. एकच जागा टाकता येत होती. तिने गोदाबाईभोवती लहानसं लाल वर्तुळ आखलं. मग चाचरत विचारलं, "आजोबा, तो प्रश्न राहिला. सरकारी की कंपनी?"

"सरकारी लिही," गुरुजी म्हणाले. "भांडायला एक दार तरी राहील."

लोक परतू लागले. गोदाबाई जमिनीला तळवा लावून बसून राहिली. तिथलं रडणं थांबलं होतं. बाकी पट्टीवर, वर्तुळाच्या बाहेर, ते चालूच होतं.