लाँग ऑनचा पाहुणा

चष्मेवाल्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागे. पण आपला क्लब कधी, कुठे आणि कोणाच्या गाढवपणामुळे हरला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते घडाघडा सांगत. पावसाने धुऊन नेलेली सेमीफायनल होती, पंचाने दुसऱ्यांच्या घशात घातलेली मॅच होती. पण सगळ्यांत वरचा मान होता एका सुटलेल्या झेलाचा. फायनलचा शेवटचा चेंडू उंच उडाला, लाँग ऑनचा माणूस बरोबर खाली येऊन उभा राहिला, त्याने हात पसरले आणि चेंडू त्याच्या खांद्यामागे पडून सीमेपार गेला. कप गेला.

"आंधळा आहेस का रे!" असं चष्मेवाले तेव्हा स्टँडमधून ओरडले होते. पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ही हकीकत ऐकली. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले असल्यामुळे बिचाऱ्यांना पळताही येत नसे.

आणि आता लेकीने पसंत केलेला मुलगा नेमका त्या लाँग ऑनवाल्याचा पोरगा निघाला.

"अख्ख्या शहरात दुसरा मुलगा मिळाला नाही तुला?"

"बाबा, झेल त्याने नाही सोडला."

"रक्तात असतं ते!"

"उद्या ते दोघं चहाला येतायत. क्रिकेटचा क जरी काढलात, तरी लग्न मी करणारच. फक्त तुम्हाला बोलावणार नाही."

पोरगी हट्टाला बापावर गेली होती, म्हणूनच चष्मेवाले घाबरले.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन पाहुणे आले. थोराड बांध्याचा, अबोल माणूस. सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसला. हवापाण्याचं झालं, गुडघेदुखीचं झालं. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, की त्यांची बायको बिस्किटांची बशी पुढे करी. त्यांनी सात-आठ बिस्किटं खाल्ली.

एवढ्यात पाहुण्यांनी चहासाठी हात पुढे केला. बोटं कपाच्या शेजारी हवेतच मिटली. दुसऱ्या खेपेला कपाचा कान हाती लागला.

चष्मेवाले ताठ झाले. "उजवा डोळा झाका."

बायकोने बशी उचलली, पण उशीर झाला होता.

"अं?"

"झाका हो! आता समोरच्या घड्याळात बघा."

पाहुण्यांनी डोळा झाकला. "कुठलं घड्याळ?"

मुलगा बापाकडे बघतच राहिला. पाहुणे ओशाळून हसले. "लहानपणापासून असंच आहे. एका डोळ्यावर भागतं, म्हणून कधी कुणाला बोललो नाही."

"म्हणजे त्या दिवशी तो झेल..." चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. लेकीने कप खाली ठेवला.

"मला वाटायचं, मी घाबरलो," पाहुणे मान खाली घालून म्हणाले. "मैदानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही मी. स्टँडमधून कोणीतरी आंधळा म्हणून ओरडलं होतं. तो आवाज अजून कानातून जात नाही."

"असतात एकेक माणसं," चष्मेवाले एकदम बारीक आवाजात म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं.

मग वरात खाली दुकानात. चष्मेवाल्यांनी नंबर तपासायची जाडजूड फ्रेम पाहुण्यांच्या नाकावर चढवली आणि डावीकडे एकामागून एक भिंगं घालून पाहिली. पाहुण्यांनी तक्त्यावरच्या बारीक अक्षरांपर्यंत मजल मारली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एवढं दिसतं होय लोकांना?"

चष्मेवाल्यांना आनंद आवरेना. गल्ल्याजवळ ठेवलेलं संत्रं त्यांनी उचललं. "झेला!"

संत्रं अलगद, सरळ, पोरसुद्धा झेलेल असं गेलं. पाहुण्यांनी दोन्ही हात पसरले. संत्रं हातांत बसलं, उसळलं आणि घरंगळत काचेच्या कपाटाखाली गेलं.

लेकीने डोळे घट्ट मिटून घेतले. चष्मेवाल्यांच्या घशाशी ती जुनी आरोळी जशीच्या तशी आली. त्यांनी ती गिळली, आणि गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला.

"सोपं होतं हो," पाहुणे पडेल आवाजात म्हणाले.

"छे! भिंग मीच चुकीचं घातलं," चष्मेवाले जमिनीवरूनच म्हणाले. "उभे राहा, व्याही. पुन्हा टाकतो."

लेकीने डोळे उघडले.