मी, भाविका मॅडमच्या पाठीमागचा पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नाही, दाराचा नाही, नाटकाचा तर नाहीच नाही. ऑनलाइन क्लास घेणाऱ्या भाविका मॅडमच्या पाठीमागे जो साडेतीन मीटर हिरवा कपडा टांगलेला असायचा, तो मी. तुम्ही तिच्या क्लासला बसला असाल, तरी मला पाहिलेलं नाही. माझ्या जागी तुम्हाला एक ऑफिस दिसायचं. काचेची मोठी खिडकी, पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात कुंडी. कॉम्प्युटर हिरवा रंग पुसतो आणि तिथे हवं ते चित्र लावतो. दिसू नये म्हणून विकत आणलेला कपडा माझ्याशिवाय दुसरा कुठला असेल, मला माहीत नाही.

पनवेलला उरण नाक्याजवळच्या दुकानात मी ताग्यात गुंडाळून पडलो होतो. माझी भावंडं शाळेच्या गॅदरिंगला गेली आणि झाडं झाली. काही मंडपात गेली. भाविका आली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "झाड करायचंय का पोपट?"

"क्लासच्या मागे लावायचाय."

"कसला क्लास?"

"इंजिनिअर लोकांना शिकवते. नेतृत्व कसं करायचं, कामात नवीन कल्पना कशी आणायची, असं."

दुकानदाराने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सव्वीस वर्षांची किडकिडीत मुलगी, पर्स छातीशी धरलेली. तेवढ्यात बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला आणि ती केवढ्याने दचकली! "शिकवा, शिकवा," असं म्हणून त्याने कात्री चालवली. तेव्हापासून दचकणं माझ्याही धाग्यात उतरलं असावं. पंखा जरा जोरात फिरला की मी थरथरतो.

भाविका मूळची गव्हाण गावची. तिचं इंजिनिअरिंग झालं आणि पुण्याच्या एका संस्थेने तिला हे शिकवायचं काम दिलं. घरी शांतता नाही, नेट धड नाही, म्हणून करंजाडेला तिने एक खोली भाड्याने घेतली. "एकटी नाय राहायचं," तिची आई, हौसा, म्हणाली. "हरेश येईल तुझ्यासंगं." हरेश तिचा थोरला भाऊ. न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर एका यार्डात तो टेक्निशियन होता. मासळी, फळं, औषधं थंड ठेवणारे कंटेनर तिथे विजेला जोडून उभे असतात. ते चालू ठेवायचं काम त्याचं.

मला दोरीवर बांधलं तेही हरेशनेच. माझ्यामुळे त्या खोलीचे दोन भाग झाले. माझ्या पुढे टेबल, लॅपटॉप, गोल दिवा आणि भाविका. माझ्या मागे खाट, शेगडी, वाळत घातलेला युनिफॉर्म आणि हरेश.

पुढच्या बाजूला माणसं कशी वागतात ते मी पुष्कळ पाहिलं. वीस-पंचवीस नावं असायची, चेहरे चार-पाच. कुणाचं नाव नुसतं "डी. के.", कुणाचं फोनच्या कंपनीचं. अविनाश नावाचे एक ज्येष्ठ साहेब कॅमेरा चालू ठेवायचे, पण त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. रोज पहिली पाच मिनिटं "आवाज येतोय का?" यातच जायची. एकदा भाविकाने हिरवी ओढणी घेतली तर अविनाश साहेब घाबरून म्हणाले, "मॅडम, तुमचा गळा दिसत नाहीये!" माझ्या मागे हरेशने हसू आवरायला उशी तोंडात कोंबली होती.

त्याची ड्यूटी सकाळची. दुपारी घरी आला की तो जेवत जेवत क्लास ऐकायचा. हा कोर्स साहेब लोकांसाठी होता. त्याच्या यार्डानेही साहेबांचीच नावं दिली होती. पण खरं सांगू? इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. एक दिवस भाविका म्हणाली, "कल्पनेला हुद्दा नसतो. मशीनच्या सगळ्यात जवळ जो उभा असतो, त्यालाच सगळ्यात आधी सुचतं." माझ्या मागे हरेशचा घास हातातच राहिला.

क्लास संपल्यावर तो मला बाजूला सारून पुढे आला. "भावी, हुद्दा नसतो म्हंजे आमच्यासारख्याची पन चालंल?"

"तुझीच चालेल दादूस. साहेब कुठे मशीनजवळ जातात?"

"बघ हां. तू बोललीस म्हून मी करनार."

चार दिवसांनी त्याने एक बिस्किटाचा डबा, जुन्या घंटीची कॉइल आणि पत्र्याची पट्टी घेऊन खाटेवर पसारा मांडला. त्याचं म्हणणं सोपं होतं. कंटेनरची वीज मध्येच गेली तर फेरीवर माणूस येईपर्यंत कुणाला कळत नाही. तोवर आतला माल जातो. मग करंट चालू आहे तोवर चुंबकाने वाकवून धरलेली पत्र्याची झेंडी लावायची. करंट गेला की चुंबक सुटणार आणि झेंडी ताठ उभी राहणार. लांबून दिसेल. त्याने बोर्डातून पिन काढली. खट् करून झेंडी उभी राहिली. भाविका दचकली, आणि मग दोघंही खूप हसली.

"दादूस, शिफ्ट सुपरवायझरची जागा निघणार आहे ना तुमच्याकडे? हीच घेऊन जा मॅनेजरकडे."

"हा डबा घेऊन? हसतील मना."

"मग चांगली पत्र्याची बनव. आधी नमुना पक्का कर, मग बोल. मी शिकवते ना तसं."

तो कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी गावातल्या शिवाच्या वेल्डिंगच्या दुकानात जायचा. महिना गेला.

त्या महिन्यातली एक दुपार मी विसरू शकत नाही. क्लास अगदी मेला होता. सगळे कॅमेरे बंद. भाविका प्रश्न विचारायची, दहा आकडे मनात मोजायची, उत्तर नाही. संस्थेची माणसं त्या दिवशी क्लास तपासायला बसली होती. मी तिच्या पाठीला लागून होतो. कुर्ता घामाने भिजला होता. ती घाईने बोलून गेली, "एक उदाहरण सांगते. माझ्या माहितीतला एक तंत्रज्ञ आहे, नाव महत्त्वाचं नाही..."

आणि तिने झेंडी सांगितली.

एकेक कॅमेरा चालू होऊन चेहरा उजळत गेला. अविनाश साहेबांचं तर कपाळाखालचं नाक, डोळे सगळंच दिसलं. "मॅडम, कॉइल केवढी घेतलीय?" डी. के. ने विचारलं. भाविकाने मागे हात घालून, मला सारून, तो डबा काढला, बोर्डाला जोडला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. पिन काढली. खट्.

आपला भाऊ आहे हे सांगायला ती लाजली. घरचंच उदाहरण देते म्हणून हसतील, असं तिला वाटलं. बस, एवढंच. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. तिच्या मनात पाप नव्हतं.

त्या दिवशी हरेशला यार्डात थांबावं लागलं होतं. संध्याकाळी तो आल्यावर तिने आनंदाने सांगितलं, "तुझी झेंडी आज सगळ्यांना आवडली!"

तो चप्पल काढता काढता थांबला. "माझं नाव घेतलंस?"

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मग ती म्हणाली, "घेतलं ना."

त्याने डब्यावर थोपटलं. "बरं झालं. आता बोलायला बरं पडंल."

तीन आठवड्यांनी एका दुपारी हरेश घरी आला तो जेवला नाही. खाटेवर बसून राहिला. क्लास संपल्यावर भाविका मागे आली.

"काय झालं दादूस? दाखवलीस झेंडी?"

"दाखवली."

"मग?"

"मॅनेजर बोलले, ही तर आमच्या देवेश साहेबांची. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच नकाशे काढून दिलेत. तू कुठं चोरून बघितलीस?"

"देवेश कोण?"

"तुझ्या क्लासला डी. के. नावानं बसतो तो. आमचाच साहेब हाय." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी बोललो, माझ्या बहिनीनं क्लासात माझं नाव घेतलंय, विचारा. त्यांनी क्लासचं रेकॉर्डिंग लावलं. सगळ्यांसमोर."

भाविका खाली बसली.

"तू बोलतंस त्यात, 'नाव महत्त्वाचं नाही.' सगळे हसले, भावी. एक जन बोलला, अरे, तुझ्या बहिनीलाच तुझं नाव ठाव नाय."

"दादूस, मी... मला वाटलं..."

"इसरली असतीस तर चाललं असतं गो. घेतलं बोललीस ना मना."

त्याने एकेक करून युनिफॉर्म, दाढीचं सामान, चार्जर पिशवीत भरलं. डबा तिथेच ठेवला. जाताना तो मला बाजूला न सारता, भिंतीच्या कडेने वाकून गेला.

भाविकाने त्याच संध्याकाळी मॅनेजरला लिहिलं. सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं की आपली भावना समजली, पण नाव बदलणं आता शक्य नाही. देवेशचाही फोन आला. तो चिडला नव्हता, ओशाळला होता. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. नाव महत्त्वाचं नाही, हे तुम्हीच म्हणालात." सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढच्या सोमवारी क्लास सुरू व्हायच्या आधी तिने मला दोरीवरून काढलं. पहिल्यांदाच सगळ्यांना मागची खाट, शेगडी, पोपडे आलेली भिंत दिसली. "झेंडी बनवणाऱ्याचं नाव हरेश आहे. माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली. "मी त्याचं नाव गिळलं. ही माझी चूक आहे, त्याची नाही." मग अविनाश साहेबांनी विचारलं, "त्यांना कळवलंत का, आज तुम्ही हे सांगणार होतात ते?"

कळवलं होतं. तिच्या एकाही निरोपाला उत्तर नव्हतं. महिन्याभरात तो नोकरी सोडून ओमानला निघून गेला, दोन वर्षांच्या करारावर. तिथेही कंटेनरच थंड ठेवायचं काम.

माझी घडी घालून तिने मला गव्हाणला आईकडे दिलं. हौसाने मला अंगणात हरेशच्या मोटारसायकलवर पांघरलं आणि कडेने सुतळी बांधली. तिचं माझ्याशी काही भांडण नाही. भाविकाचं असावं. रविवारी ती येते तेव्हा ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसते.

परवाच्या रविवारी ओमानहून फोन आला तेव्हा ती तिथेच होती. हौसा म्हणाली, "भावी आलीय रे. देऊ तिला?"

भाविकाचा हात अर्ध्यावर पुढे आलेला. मग हरेश बोलला, आईशीच. "तिला सांग, गाडीची बॅटरी काढून ठेव. उतरंल नायतर."

एवढंच.

भाविका उठली. पाना शोधून आणला, सुतळी सोडली, माझी एक बाजू वर केली आणि गुडघ्यावर बसून बॅटरीचे नट काढू लागली. एक नट गंजला होता, सुटेना. जगन, तिचा बाप, लांबूनच म्हणाला, "दे, मी काढतो." तिने मान हलवली. तिने स्वतःच काढला. मग बॅटरी फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली आणि किती तरी वेळ तशीच बसली. तिचे डोळे माझ्या कडेला टेकले होते. मी ओला झालो.

आता मी इथेच असतो. ऊन लागतं, माझा रंग एका बाजूने पिवळट पडत चाललाय. कोंबड्या खाली येऊन बसतात. कुरकुर नाही. तुमच्यापैकी कुणी शिकवत असेल, तर एक सांगावंसं वाटतं. दुसऱ्याच्या डोक्यातलं चार लोकांसमोर मांडताना आधी त्याचं नाव घ्या. लाज वाटली तरी घ्या. मागाहून घेतलेलं नाव पोचायला फार लांब जावं लागतं.

आणि माझं स्वतःचं मागणं विचाराल तर मला इथे फार दिवस राहायचं नाही. अजून एकवीस महिने आहेत, असं हौसा मोजते. तेवढे मी टिकेन, जाड विणीचा आहे. पण मला ओढून बाजूला टाकणारा हात हरेशचाच असू दे, आणि त्या वेळी भाविका अंगणात उभी असू दे. मग मला फाडून फडकी केलीत तरी चालेल.