खेळी बाकी आहे

नखाएवढं मेमरी कार्ड. हेमांगीनं ते पदराला पुसून पुन्हा लॅपटॉपमध्ये सरकवलं आणि पडद्यावर पुन्हा तीच चौकट उघडली... ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? विचारतं कसं, जणू नुसतं घर झाडून घ्यायचं आहे, आतलं सगळं पुसायचं नाही. तिनं 'नको' दाबलं. देवपूरच्या शाळेत ती संगणक शिकवते आणि दरवर्षी मुलांना हेच सांगते, की अशा कार्डाचे दोन भाग असतात, लहान भागातून यंत्र सुरू होतं, मोठ्यात माणसाचं सामान असतं, आणि तो मोठा भाग लिनक्सचा असला तर विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचं विचारतं. घाबरून 'हो' म्हणायचं नाही. शिकवताना सोपं असतं.

कार्ड प्रेमराजच्या यंत्राचं. हातात धरून खेळायचं, चष्म्याच्या घराएवढं यंत्र, आत लिनक्स, दोन्ही बाजूंना बटणं — नवऱ्यानं हौसेनं मागवलेलं, आणि जळगावच्या दवाखान्यातही उशीखाली ठेवलेलं. त्यावर तो बुद्धिबळ खेळायचा. शेवटच्या संध्याकाळी नर्स आली तेव्हा यंत्र हेमांगीच्या हातात देत म्हणाला होता, "डाव मोडू नकोस गं. माझी खेळी बाकी आहे."

तिनं मोडला नाही. तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर यंत्र सुरू करायचं, पटाकडे बघायचं, बंद करायचं. कशालाही हात लावायचा नाही. एवढ्यासाठी कुणी घरी येतं का? मी येत होते.

दसऱ्यानंतर मात्र पडदा काळा. हिरवा दिवा लागतो, पुढे काही नाही. दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुजायची, विळी, पाना, स्कूटर, शिलाई मशीन. प्रेमराज तर लॅपटॉपलाही, या यंत्रालाही हळदकुंकू लावायचा, आणि स्वतःच लावायचा. यंदा हेमांगीनं लावलं, दार लोटून. कपाटातून कुंकवाचा करंडा काढताना हात चोराचा झाला होता. दुसऱ्या दिवशी एरंडोलहून थोरल्या जाऊबाईंचा, कमलबाईंचा फोन.

"पूजा कोनी करी वं?"

"मीच केली, अक्का."

अक्कांनी आपल्या मुला-सुनेची आठवण दिली, "आमना भटूनी बायकोले बलावनं व्हतं ना. सवाशीननं काम शे ते."

बोलण्यात विष नव्हतं, हेच वाईट. काळजीनंच म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी पडदा काळा... संगणक शिकवणारी बाई, पण मनात बसलं ते बसलंच — आपला हात लागला आणि ह्यांचा डाव गेला.

शेवटी तिनं प्रेमराजच्याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप लिनक्सनं सुरू केला. कार्डाचा लहान भाग उघडला. मग मोठा — सगळं जागच्या जागी, डावाची फाइलसुद्धा. कार्डाला काही धाड भरली नव्हती! मग यंत्राला काय झालं? तिनं मोबाइलचा टॉर्च लावून कार्डाच्या खाचेत पाहिलं. आत लाल.

कुंकू. पूजेनंतर पुसताना कार्ड दाबलं जाऊन बाहेर आलं होतं आणि तिनंच ते ओल्या कुंकवासकट परत आत ढकललं होतं. म्हणजे अक्का म्हणाल्या तसंच झालं, हिच्याच कुंकवानं बंद पडलं. आणि तरी तसं मुळीच नाही, भटूच्या बायकोचं बोट असतं तरी बंदच पडलं असतं. ती मोठ्यानं हसली. हसू ऐकायला घरात कुणी नव्हतं.

काडीला कापूस गुंडाळून तिनं खाच हलक्या हातानं पुसली. लाल झालेला कापूस केरात टाकवेना, तुळशीत ठेवून आली. कार्ड घातलं. हिरवा दिवा, काळा पडदा, काळाच... आणि पट उघडला. पांढऱ्याची, म्हणजे प्रेमराजची खेळी.

इतके दिवस ती पटाकडे देव्हाऱ्यासारखं बघत होती. आज पहिल्यांदाच डाव म्हणून पाहिलं. घोडा मरतोय. अहो, सरळ दिसतंय, घोडा मरतोय, आणि तुम्ही उंटाचा विचार करत बसला असणार, नेहमीसारखे... मला राग येतोय तुमचा. डाव मोडू नकोस म्हणालात, खेळू नकोस असं कुठे म्हणालात?

तिचा अंगठा बटणावर होता, नखाच्या कडेला लाल, आणि घोडा कुठे न्यावा हे तिला अजून सुचत नव्हतं.