टेबलावरचा पाहुणा

मिस्त्रींच्या दुचाकींच्या गॅरेजात गाडीला सरळ नावाने कुणी हाक मारत नसे. धूर सोडणारी ती बिडीबाज, ढकलल्याशिवाय न हलणारी ती महाराणी आणि सारखी कुरकुरणारी ती सासूबाई. गाडी जोडून झाल्यावर एखादा नट उरलाच तर तो पाहुणा. मिस्त्रींच्या साडूने "पाहुणा आला!" अशी आरोळी ठोकायची, दोघांनी पोट धरून हसायचं आणि पाहुण्याची रवानगी भंगाराच्या डब्यात करायची. जुन्या गाडीला दहा जणांचे हात लागलेले, त्यात एखादा नट जास्तीचा असणारच, असं मिस्त्री म्हणत. हलगर्जीपणाला सबबी काय कमी असतात!

त्या दुपारीही साडू ओरडला, "साडूभाऊ, पाहुणा आलाय बघा!"

मिस्त्री हसत हसत आले. नट हातात घेतला आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. हा नट बाजारात मिळेना म्हणून त्यांनी स्वतः लेथवर कातला होता. सासूबाईच्या पुढच्या चाकाचा एक्सल तो धरून ठेवायचा. सकाळी चाक बसवताना साडूने हात जोडून गाडीला विनवलं होतं, "सासूबाई, आता तरी सुखाने नांदा!" मिस्त्रींना इतकं हसू आलं की डोळे पुसायला त्यांनी नट टेबलावर ठेवला. डोळे पुसले आणि नट विसरले.

आणि सासूबाईवर बसून त्यांची लेक घाटाकडे गेली होती. "पहिली चक्कर तुझी," म्हणत किल्ली त्यांनीच दिली होती.

"एक्सल काही लगेच निसटत नाही," साडू म्हणाला.

"घाटातल्या खड्ड्यांत?"

मिस्त्रींनी फोन लावला. तो खुंटीवर टांगलेल्या लेकीच्या पर्समध्येच वाजायला लागला.

दारात उभी होती ती एकटी बिडीबाज. मिस्त्रींनी किक मारली, ती खोकली. पुन्हा मारली, धूर ओकून गप्प झाली. एरवी यावर साडूने चार विनोद केले असते. आज तो मुकाट्याने मागून ढकलत होता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून लेक चालत येताना दिसली. अंगावर ओरखडा नाही, हातात हेल्मेट. मिस्त्रींनी गाडी तशीच सोडून धाव घेतली आणि भर रस्त्यात तिला मिठी मारली. इतका आनंद त्यांना ती जन्मली तेव्हाही झाला नसेल.

"अहो बाबा, काय झालं? किती छान चालते गाडी! नाक्यावर हे भेटले, तुमचे जावई. ऐकेनातच, म्हणाले मलाही घाटात एक चक्कर मारू दे. आत्ताच गेले."

मिस्त्रींची नजर तिच्या हातातल्या हेल्मेटवर गेली. साडूनेच विचारलं, "अगं, मग हेल्मेट तुझ्याकडे कसं?"

"मी देत होते की," लेक हसली. "म्हणाले, बाबांनी स्वतः जोडलेली गाडी आहे, हेल्मेट कशाला?"